वेगाची सूट नको, वाट मोकळी द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक),
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य

विषय : रक्त, रक्तघटक, अवयव आणि तातडीची औषधे नेणाऱ्या वाहनांना वेगमर्यादेतून सूट देण्याबाबत

महोदय,

रात्री अडीच वाजता रक्तपेढीच्या खिडकीतून तांबड्या पेशींच्या दोन पिशव्या बाहेर पडतात, तेव्हा त्या कुणाच्या हातात जातात? तालुक्याच्या गावात अडलेल्या बाळंतिणीसाठी असतील तर बहुधा तिच्या भावाच्या नाहीतर दिराच्या. थर्माकोलचे खोके, आत बर्फाचे दोन पॅक, वरून चिकटपट्टीचे दोन वेढे. खोके मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर. चालवणारा आदल्या दिवसापासून झोपलेला नाही, हेल्मेट दोघांत एक, आणि पुढे चाळीस किलोमीटरचा दुपदरी रस्ता. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तातडीची वैद्यकीय डिलिव्हरी म्हणतात ती हीच. वेगमर्यादेतून सूट द्यावी की नाही, असा वाद निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सायरन वाजवणारी पांढरी गाडी येते. आम्हाला हा भाऊ दिसतो.

हे पत्र रक्तपेढ्यांत रक्त तपासणाऱ्या, जुळवणाऱ्या, खोकी भरणाऱ्या आणि ती घेऊन गाड्या चालवणाऱ्या माणसांचे आहे. रक्तवाहू गाडीला कॅमेऱ्याचे चालान आले की 'वैद्यकीय वाहनांना वेगाची मोकळीक द्या' ही मागणी आमच्याच नावाने केली जाते. म्हणून स्पष्ट सांगतो : सरसकट सूट आम्हाला नको. पण आज जे चालले आहे, म्हणजे ही वाहतूक कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नसणे, तेही आम्ही गप्प बसून सोसणार नाही.

आधी हिशेब मांडतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे साध्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर, मोटारसायकलची ६०. चाळीस किलोमीटर अंतर सलग ७० ने कापले तर ३४ मिनिटे लागतात. (गावे, गतिरोधक, वळणे यांमुळे कुणालाच ते सलग कापता येत नाही, पण धरून चालू.) सूट घेऊन ९० ने कापले तर २७ मिनिटे. वाचली सात मिनिटे. आता त्या सात मिनिटांची किंमत बघा. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, चालकाची नजर पडून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर ७० ला गाडी साधारण ४७ मीटरमध्ये थांबते, ९० ला ७० मीटर लागतात. रात्री खालच्या झोतात दिवा ४०-५० मीटरपलीकडचे नीट दाखवत नाही. म्हणजे ९० ने जाणारा चालक दिव्याच्या पुढे पळत असतो. हंगामात त्याच रस्त्यावर, मागे रिफ्लेक्टर नसलेली, उसाने भरलेली ट्रॉली उभी असते. ती दिसेल तेव्हा थांबायला जागा उरलेली नसेल. चालक, पिशव्या आणि जिच्यासाठी त्या निघाल्या ती बाई, तिन्ही एका धडकेत जातील.

शहरात तर हा हिशेब आणखी उघडा पडतो. पुण्यात किंवा ठाण्यात सकाळी दहा वाजता कुठली गाडी वेगमर्यादेमुळे अडलेली असते? ती सिग्नलला अडते, रिक्षांच्या रांगेत अडते, रुग्णालयाच्या फाटकात अडते. वीस किलोमीटर अंतर थांबत-थांबत, सरासरी २० च्या वेगाने गेलात तर एक तास. न थांबता ५० ने गेलात तर २४ मिनिटे. मर्यादा एका किलोमीटरनेही न ओलांडता छत्तीस मिनिटे वाचली. अवयवांसाठी वाहतूक पोलीस ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे सिग्नल हिरवे ठेवून मोकळी केलेली वाट, करतात त्यामागचे सारे गमक एवढेच आहे. काढून घेतलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत सुरू व्हावे लागते, यकृताला आठ ते बारा तास मिळतात, मूत्रपिंडाला त्याहून बरेच जास्त. हृदयाच्या गाडीला कॉरिडॉर मिळतो तेव्हा ती वाऱ्यासारखी सुटते म्हणून वेळेत पोहोचते असे नाही. ती कुठे थांबत नाही, म्हणून पोहोचते. त्या कामात पोलीस दलाने कमावलेले कसब आम्ही जवळून पाहतो आणि त्याबद्दल मनापासून आदर बाळगतो. पण पहाटे रक्तस्रावाच्या रुग्णासाठी निघालेल्या चार पिशव्यांना त्या कसबातला एक हिरवा सिग्नलही मिळत नाही.

खरे घोडे पेंड खाते ते गाडी निघण्याच्या आधी. रक्त मागवायचे तर आधी रुग्णाचा नमुना रक्तपेढीत यावा लागतो : दोन नळ्या, दोन्हींवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही, आणि तीच माहिती मागणीपत्रावर. नळीवर 'सुनीता' आणि कागदावर 'सुनिता आर.' असले, क्रमांक एका आकड्याने चुकला, तर तो नमुना आम्ही घेऊ शकत नाही. चुकीच्या गटाचे रक्त जाण्याचा धोका नेमका याच फटीतून येतो. मग तोच भाऊ पुन्हा चाळीस किलोमीटर मागे. एका लेबलच्या चुकीने सव्वा तासाहून जास्त वेळ जातो. कुठल्याही वेगाने तो भरून निघत नाही. नमुना बरोबर असला तरी गट तपासून पूर्ण क्रॉसमॅच करायला, म्हणजे पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का हे पाहायला, पाऊण तास लागतो. अगदी जिवावर बेतले असेल तर डॉक्टरांच्या लेखी जबाबदारीवर त्याआधी रक्त देता येते, पण त्यासाठीही कुणीतरी तसे लिहून पाठवावे लागते, आणि गडबडीत तेच राहून जाते.

म्हणजे नमुना यायला ३४ मिनिटे, जुळवणीला ४५, पिशवी जायला ३४. सगळे सुरळीत झाले तरी दोन तासांना सात मिनिटे कमी. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव बाईला नेमका तेवढाच, साधारण दोन तासांचा अवधी देतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी ही व्यवस्था आहे. बंबाला वेगमर्यादा माफ करून ती आग विझणार नाही.

याच्यावर उपाय नियमांतच लिहिलेला आहे. औषधांविषयीच्या केंद्रीय नियमांच्या परिशिष्ट 'के' नुसार प्रथम संदर्भ रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये अशा ठिकाणी रक्त साठवणूक केंद्र चालवायला रक्तपेढीचा पूर्ण परवाना लागत नाही, वर्षाचा वापर २००० पिशव्यांच्या आत असला तर मान्यतेवर काम होते. दहा चौरस मीटरची वातानुकूलित खोली, गजर असलेला रक्ताचा शीतकपाट, अखंड वीज, क्रॉसमॅच करणारा तंत्रज्ञ आणि नियमित पुरवठा करणारी मातृ रक्तपेढी. यातली पहिली तीन पैशाने येतात. चौथा माणूस लागतो, आणि कपाट असून केंद्र बंद पडते ते रात्रपाळीचा तंत्रज्ञ नेमलेला नसतो म्हणून. त्या कपाटात 'ओ' निगेटिव्हच्या (अगदी तातडीत कुणालाही देता येणाऱ्या गटाच्या) दोन पिशव्या असणे आणि नसणे यात जे अंतर आहे ते कुठल्याही चालकाला कापता येणार नाही.

सर्पदंशाचेही तेच. प्रतिविष लस एका गावाहून दुसऱ्या गावी पळवत नेण्याची वेळ येते याचाच अर्थ ती जिथे असायला हवी तिथे नव्हती. सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. कोरड्या पावडरीच्या प्रत्येक कुपीत दहा मिलिलिटर पाणी घालून ती हळुवार फिरवत विरघळवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो. दहा कुप्यांना त्यातच बराच वेळ जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दहा कुप्यांचा साठा ठेवणे हे त्यावरचे साधे उत्तर आहे.

आता खोक्याबद्दल. तांबड्या पेशी प्रवासात २ ते १० अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. थेट डीप फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा पॅक पिशवीला चिकटून ठेवला, तर तिथल्या पेशी गोठून फुटतात. पिशवी बाहेरून भरलेली, लालच दिसते, पण आतले रक्त रुग्णाला देण्याच्या लायकीचे उरत नाही. म्हणून पॅक बाहेर काढून त्याला घाम फुटेपर्यंत थांबायचे, मध्ये पुठ्ठा घालायचा, मग पिशव्या. प्लेटलेटचे याच्या उलट : त्यांना २० ते २४ अंश हवे, बर्फ अजिबात नको. नातेवाइकाला हे कुणी समजावून सांगितलेले नसते. वाटेत बर्फ विरघळला असेल म्हणून तो बिचारा टपरीवरून बर्फ विकत घेऊन प्लेटलेटच्या खोक्यात भरतो. त्याच्या मायेत खोट नसते, पण त्या पिशवीचा मग काही उपयोग राहत नाही. गोठवलेला प्लाझ्मा कोरड्या बर्फात (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) जातो, आणि बंद काचांच्या गाडीत कोरड्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड साठून चालकाला गुंगी येऊ शकते. मागच्या सीटवर नुसते ठेवलेले खोके जोराच्या ब्रेकला पुढे फेकले जाते, झाकण उघडते. गाडीच्या तळाला हुक आणि त्यांतून घट्ट पट्टा नसेल तर वेगाची गोष्टच बोलू नये.

२०१४ मध्ये राज्याने 'जीवन अमृत' योजना सुरू केली होती. १०४ क्रमांकावर फोन, चाळीस किलोमीटरच्या आत, तासाभरात, मोटारसायकलवरून शीतपेटीतून रक्त. पेटी योग्य, चालक शिकवलेला, नोंद लेखी. त्या रचनेत उणिवा होत्या, मागणी ठिकठिकाणी कमी-जास्त होती. उणिवा दूर करायच्या की योजना गुंडाळायची, यात दुसरा मार्ग निवडला गेला आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. ती बंद झाली तेव्हा थर्माकोलचे खोके पुन्हा भावाच्या हातात आले. आमच्या दृष्टीने या सगळ्या प्रश्नातला हा सर्वांत मोठा अपराध आहे, आणि त्याबद्दल कुणी चालान काढत नाही.

कायद्यात आम्ही कुठे बसतो, तेही सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ ई म्हणते की आणीबाणीच्या वाहनाला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. चांगले आहे. पण रक्तवाहू गाडी आणीबाणीचे वाहन कुठे आहे? अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस हे ठरलेले वर्ग. रुग्णवाहिकेच्या राष्ट्रीय मानकात, एआयएस-१२५ मध्ये, ए ते डी असे चार प्रकार आहेत, आणि चारही रुग्णासाठी आहेत. नुसती पिशवी नेणारी गाडी त्यांत बसत नाही. त्यामुळे तिला रुग्णवाहिकेचा सायरन नाही, दिवा नाही, टोलनाक्यावर रुग्णवाहिकेची मार्गिका नाही, शहरात मालवाहू वाहनांच्या प्रवेशबंदीच्या तासांत प्रवेश नाही. काही ठिकाणी मग लोक जुन्या रुग्णवाहिकेत खोके ठेवून सायरन वाजवत जातात. हा खोटेपणा आहे आणि तो करायची वेळ नियमानेच आणली आहे.

त्यात एक गोष्ट सूट मागणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८, म्हणजे वेगनियंत्रक बसवण्याचा नियम, त्यातून रुग्णवाहिका, बंब आणि पोलिसांची वाहने वगळली आहेत, पण मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला वेगनियंत्रक बसवलेला असतो, तो ताशी ८० वर बांधलेला. उद्या आपण कागदावर सूट दिलीत तरी त्या गाडीचे इंजिन ८० च्या पुढे जाणार नाही. जाईल फक्त खासगी मोटार आणि मोटारसायकल, म्हणजे नेमके ज्यांचे खोके बांधलेले नाही आणि चालक शिकलेला नाही ते.

शिवाय, सूट कुणाला, हे ठरवणार कसे? रक्त, अवयव, लस, पॅथॉलॉजीचे नमुने, घरपोच ऑक्सिजन सिलिंडर, ॲपवरून मागवलेल्या गोळ्या, प्रत्येक जण 'मेडिकल इमर्जन्सी' असा कागद काचेवर चिकटवतो. रिकामी रुग्णवाहिका सायरन वाजवत जाते हे रस्त्यावरच्या माणसाने पाहिले आहे, म्हणून तो आता खऱ्या सायरनलाही बाजू देत नाही. सूट जितकी रुंद, तितका हा अविश्वास वाढेल. आणि वेगाची सूट म्हणजे अपघाताच्या गुन्ह्यातून सूट नव्हे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणे) आणि कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) तसेच्या तसे लागू राहतात. आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या चालकाला आपण 'पळव, तुला माफ आहे' म्हणायचे आणि माणूस दगावल्यावर त्याने एकट्याने कोर्टात उभे राहायचे, हे आम्हाला मान्य नाही.

वाट देणे आणि वेग देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे या राज्याने आधी ओळखलेले आहे. करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, ऑक्सिजन नेणाऱ्या वाहनांना रुग्णवाहिकेचा दर्जा देण्यात आला. उणे १८३ अंशांचा द्रव आत हेलकावे खात असलेला टँकर कुणी घाटात पळवत नेत नाही, नेला तर उलटेल. त्याला हवी होती ती अडवणूक न होण्याची हमी, आणि ती मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये तर कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला जाऊन भरून आले. ऑक्सिजनला जे सुचले ते रक्ताला सुचू नये?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. रक्त, रक्तघटक आणि अवयव नेणाऱ्या नोंदणीकृत वाहनांचा स्वतंत्र वर्ग अधिसूचित करावा. वाहन परवानाधारक रक्तपेढीचे, प्रत्यारोपण केंद्राचे किंवा त्यांच्याशी लेखी करार असलेले असावे. आत खोके बांधण्याची सोय, तापमाननोंद यंत्र आणि जीपीएस बंधनकारक असावे. औषधविक्रीची ॲप, नमुने गोळा करणाऱ्या प्रयोगशाळा आणि घरपोच सेवा यांना या वर्गात घेऊ नये.

२. या वाहनांना, फक्त तातडीच्या फेरीत, सायरन व दिवा, टोलवर रुग्णवाहिकेची मार्गिका, प्रवेशबंदीतून मोकळीक आणि कलम १९४ ई चे संरक्षण मिळावे. लाल सिग्नल ओलांडायचा तर आधी पूर्ण थांबून, आडवी वाहतूक थांबल्याची खात्री करूनच.

३. वेगमर्यादा कायम ठेवावी. अपवाद एकच : अवयवाची फेरी, नियंत्रण कक्षाने आखलेल्या कॉरिडॉरमध्ये, पोलिसांच्या पायलट गाडीमागे. घाट, शाळेचा परिसर, गावठाण आणि उलट दिशेची मार्गिका यांत हाही अपवाद नको.

४. तातडीची फेरी कुठली, हे चालकाने ठरवू नये. मागणी करणाऱ्या डॉक्टरांची सही, पिशव्यांचे क्रमांक, निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ असलेला एक पानी फेरीपत्रक असावा. त्याची प्रत त्याच दिवशी जिल्हा वाहतूक शाखेला जावी. खोटे पत्रक काढणाऱ्या संस्थेची नोंदणी रद्द व्हावी.

५. सिग्नल किंवा प्रवेशबंदीचे ई-चालान तातडीच्या फेरीत निघाले असेल तर फेरीपत्रक अपलोड करताच पंधरा दिवसांत निकाली निघावे. आज चालान गाडीच्या नोंदणीवर निघते आणि दंड बऱ्याच ठिकाणी चालकाच्या पगारातून कापला जातो. संस्थांना ते करण्यास मनाई करावी.

६. १०४ ची रक्तसेवा नव्या रूपात सुरू करावी. जोवर ती नाही, तोवर नातेवाइकाच्या हाती रक्त देताना रक्तपेढीने शीतपेटीच द्यावी (परत करण्याच्या अनामतीवर), आणि पेटीच्या झाकणावर मराठीत तीन ओळी छापाव्यात : उघडू नका, बर्फ घालू नका, सावकाश चला.

७. जिथे जिथे सिझेरियन होते अशा प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात रक्त साठवणूक केंद्र चोवीस तास चालू असल्याची यादी, तंत्रज्ञाच्या पाळ्यांसह, दर महिन्याला जाहीर करावी. बंद असलेल्या केंद्राच्या पुढे कारण लिहावे.

यातली दुसरी, चौथी आणि पाचवी मागणी पैशाशिवाय, नुसत्या अधिसूचनेने आणि परिपत्रकाने पूर्ण होऊ शकते. फेरीपत्रकाचा मसुदा आणि पेटी बांधण्याच्या पद्धतीचा तक्ता आम्ही तयार ठेवला आहे. आपल्या कार्यालयातून कुणी वेळ दिली तर रात्रपाळीच्या माणसांसह येऊन दाखवू, कारण यातले बरेचसे काम रात्रीच चालते.

आपले,
रक्तपेढ्यांत आणि रक्तवाहतुकीत काम करणारे आम्ही काही जण